चाळीस सेकंद मागे

नाहुएलनं डबी बसवून दिली. काडेपेटीएवढी,
टीव्हीच्या पाठीत खुपसलेली.
"आत्या, सात दिवस फुकट. नाही आवडलं
तर सातव्या रात्री बाराच्या आत हे बटण."
मी ते पावतीच्या मागे लिहून फ्रिजला डकवलं.
पासवर्ड म्हणून आमच्या गेलेल्या कुत्र्याचं नाव दिलं.
"एक आकडाही लागतो."
मग त्याचं वय दिलं.

पहिले दोन दिवस आम्ही नुसते निवडत राहिलो.
कोरियातलं लग्न, केकची स्पर्धा,
समुद्राच्या तळाशी स्वतःच दिवा झालेला मासा.
एल्बियो म्हणाला, वाढपी शंभर
आणि पान कोरडंच.
आम्ही टीव्ही बंद करून नदीवर गेलो.
पलीकडे अर्जेंटिनातले दिवे लागत होते, फुकटच.

तिसऱ्या दिवशी मॅच.
वरच्या मजल्यावर वॉशिंग्टन राहतो, त्याची अजून
गच्चीवरची अँटेना, हातानं वाकवलेली, कबुतरांची.
तो एकदम ओरडला, "गोऽऽल!"
छताचा चुना माझ्या मांडीवर पडला.
आमच्या पडद्यावर अजून
एक पोरगा वाकून बुटाची नाडी बांधत होता.

पुढच्या वेळी मी स्वयंपाकघरातल्या घड्याळावर मोजलं.
चाळीस सेकंद.
फोनवर नाहुएल म्हणाला, असंच असतं ते,
चित्र लांबून येतं, वाटेत थांबत थांबत.
म्हणजे माँतेविदेओची जुनी बस,
दर वाडीला कोंबड्या उतरवणारी.

एल्बियोला वरचं काही ऐकू येत नाही.
एकतीस वर्षं लाकडाच्या वखारीत करवतीसमोर,
कान तिथेच राहिले.
तो पडद्याखालची अक्षरं वाचतो
आणि पायानंच चेंडू मारतो, सपातीसकट.

पाचव्या दिवशी पेनल्टी.
आमचा पोरगा चेंडू ठेवतोय, दोन पावलं मागे जातोय,
आणि वर छत गप्प.
मग खुर्ची सरकल्याचा आवाज. मग शिवी.
मला कळलं.
एल्बियोनं हात जोडले होते, गुडघ्यांच्या मध्ये,
लहान मुलासारखे.
मी पडदा सोडला आणि त्याच्याकडे बघत राहिले.
चाळीस सेकंद त्याच्याकडे सगळं शाबूत होतं.

अशीच एकदा मी तार एप्रनच्या खिशात ठेवली होती.
त्याच्या भावाची, बंदरातली.
तो सूप पीत होता, त्यात भोपळा जास्त झालाय म्हणत होता,
आणि मी म्हणाले, अजून घे थोडं.
त्यानं घेतलं.
ते जास्तीचं सूप मी त्याला का वाढलं,
हे त्यानं कधी विचारलं नाही.

सातव्या दिवशी पुन्हा मॅच. शेवटची मिनिटं, बरोबरी.
मी येर्ब्याच्या तुंब्यात गरम पाणी ओतत होते.
वर वॉशिंग्टन नाचला असावा,
दिवा हलला.
मी तोंड सरळ ठेवलं. पडद्यावर आमचा गोली
निवांत थुंकला.
एल्बियो म्हणाला, "मारलाय ना आपण?"
मी म्हटलं, काय?
"ओतता ओतता तुझा हात थांबला.
पेनल्टीच्या वेळीही थांबला होता, पण वेगळा.
मी कुठे टीव्ही बघतो, झुल्मा.
मला हाताचं आधी कळतं."

आणि तेवढ्यात ते गोल चक्र आलं, फिरत राहिलं,
मैदान, चेंडू, वीस हजार माणसं आत घेऊन.
आम्ही दोघं त्या चक्रासमोर बसून राहिलो.
मला सूपाचं विचारायचं होतं.
तुंबा त्याच्या हातात दिला,
नळी त्याच्याकडे फिरवून.

बारा वाजून गेले तेव्हा
पावती फ्रिजवर तशीच होती.